एकाच बिलावर दोघं: पाच काउंटरांची सेशनं ओळखायच्या नोंदी

मामांचं कृषी सेवा केंद्र आहे, सातारा जिल्ह्यात. बिलिंगचा प्रोग्राम २०१९ साली मीच पायथनमध्ये लिहून दिला, तेव्हा काउंटर एकच होता. आता पाच आहेत. माळ्यावर एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून चालतो, त्यावर उबुंटू २२.०४ (लिनक्स) आणि पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस. काउंटरवर विंडोज. मी पुण्यात नोकरी करतो, त्यामुळे काम शनिवार-रविवारी, बाकी दिवस रात्री रिमोटवरून. कुणाला असंच काही करायचं असेल तर माझे गेलेले दिवस त्याचे वाचावेत म्हणून हे लिहून ठेवतोय. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन.

३ जून २०२३, शनिवार

तक्रारी दोन. पहिली: एकच अर्धवट बिल दोन काउंटरांवर उघडतं आणि जो शेवटी जतन करतो त्याचं राहतं. दुसरी उलटी: कुणीच बसलेलं नसताना प्रोग्राम म्हणतो, 'हा वापरकर्ता आधीच आत आहे'. मामांच्या भाषेत, "तुझा प्रोग्राम म्हणतोय मी आत बसलोय. मी तर दारात उभा आहे."

दुसऱ्या तक्रारीचं कारण मला ठाऊक होतं, लाजही वाटली. २०१९ मध्ये मी वापरकर्त्यांच्या टेबलात 'आत_आहे' नावाचा रकाना केला होता. लॉगिन केलं की 'हो', बाहेर पडलं की 'नाही'. पण बाहेर पडायचं बटण दाबतो कोण? लाईट जाते, विंडोज अपडेट घेतं, कुणी सरळ मशिनचंच बटण दाबतं. रकाना 'हो'वरच राहतो. वर पाचही काउंटर 'दुकान' या एकाच नावानं लॉगिन करतात, पासवर्डही तोच. म्हणजे आत कोण आहे ते या रकान्यावरून कळणारच नव्हतं.

तेव्हा वापरकर्त्याचं नाव सोडून दिलं आणि कनेक्शन (जोडल्यापासून तुटेपर्यंत त्यालाच सेशन म्हणतात) ओळखायचं ठरवलं. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस उभी करतं, आणि त्या प्रोसेसचा नंबर (पीआयडी) सांगणारं तयार फंक्शन आहे: 'सिलेक्ट पीजी_बॅकएंड_पीआयडी()'. चालवलं, उत्तर आलं २३१४. तो नंबर प्रोग्रामच्या खिडकीच्या शीर्षकपट्टीत दाखवला. दुसऱ्या काउंटरवर २३१९. छान.

मग अर्धा तास घालवला. काउंटर १ च्या टास्क मॅनेजरमध्ये २३१४ शोधत बसलो. तिथे तो सापडेल कसा? हा नंबर काउंटरवरच्या प्रोग्रामचा नाही, त्याच्या सेवेला सर्व्हरवर जी प्रोसेस बसली आहे तिचा आहे. पायथनचा स्वतःचा 'ओएस.गेटपीआयडी' घेतला असता तर तो काउंटरचा नंबर मिळाला असता, पण पाच मशिनं आपापले नंबर मोजतात, त्यातले दोन कधीही सारखे येऊ शकतात. सर्व्हरचा नंबर एका वेळी एकाचाच.

(पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारी सायकॉपजी२ लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी: कनेक्शनवर 'गेट_बॅकएंड_पीआयडी()' आहे. जोडणी होतानाच सर्व्हर हा नंबर देऊन ठेवतो, त्यामुळे वेगळी क्वेरी लागत नाही. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं.)

४ जून, रविवार

'बिल_लॉक' नावाचं टेबल केलं: बिल नंबर, पीआयडी, वेळ. बिल उघडताना ओळ घालायची, बंद करताना पुसायची. दुसऱ्या कुणाच्या नंबरची ओळ दिसली तर बिल फक्त वाचायला उघडायचं.

चाचणी म्हणून एकाच मशिनवर दोन खिडक्या उघडल्या आणि एकच बिल घेतलं. दोन्हीकडे लिहिता आलं. दोन्ही खिडक्या एकाच प्रोग्रामच्या, कनेक्शन एकच, म्हणून नंबरही एकच. त्याच वेळी 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' (पोस्टग्रेसची चालू कनेक्शनांची यादी) बघितलं तर पाच काउंटर चालू असताना कनेक्शनं ११. एक माझं. उरलेली दहा कशी? छपाईचं काम मी कधीकाळी वेगळ्या कनेक्शनवर टाकलं होतं, तेच विसरलो होतो. प्रत्येक काउंटरची दोन.

मामा ज्याला 'एक माणूस' म्हणतात ते पोस्टग्रेसच्या लेखी एक सेशन नव्हतं, हे इथे कळलं. पुढच्या सगळ्या गडबडी कमी-जास्त यातूनच आल्या. तूर्त एवढंच केलं की लॉक फक्त मुख्य कनेक्शननं घ्यायचं, छपाईवाल्यानं नाही, आणि एकाच प्रोग्राममध्ये तेच बिल दोनदा उघडायचं नाही.

६ जून, मंगळवार (रात्री)

नंबर बघून कुणाला काही कळत नाही. काउंटर २ वरच्या ताई म्हणाल्या, "२३४० म्हणजे मी का तो?" प्रश्न बरोबरच होता. पोस्टग्रेसमध्ये 'ॲप्लिकेशन_नेम' नावाची सेटिंग आहे. जोडणी करताना त्यात काहीही नाव द्या, यादीत पीआयडीच्या शेजारी दिसतं. मी हौसेनं 'काउंटर' असं मराठीत लिहिलं.

यादीत आली अठरा प्रश्नचिन्हं.

आधी वाटलं डेटाबेसचं एन्कोडिंग चुकलं. ते यूटीएफ-८ च होतं, गिऱ्हाइकांची नावं वर्षानुवर्षं मराठीत नीट साठली आहेत. दीड तास तिकडे गेला. मग डॉक्युमेंटेशन वाचलं: या नावात साधी छापता येणारी आस्की अक्षरंच (इंग्रजी अक्षरं, आकडे, साधी चिन्हं) चालतात, बाकीच्यांच्या जागी प्रश्नचिन्ह. 'काउंटर'मध्ये काना, अनुस्वार धरून सहा खुणा, प्रत्येकी तीन बाइट, म्हणून अठरा. लांबीलाही मर्यादा आहे, ६३ बाइटपर्यंत. आता रोमनमध्ये 'सी१-मेन', 'सी१-प्रिंट' अशी नावं देतो आणि मराठी नावं वेगळ्या छोट्या टेबलात ठेवली आहेत. (नंतरची भर: पुढे १६ व्या आवृत्तीत प्रश्नचिन्हांऐवजी त्या बाइटांचे सोळांकी (हेक्स) आकडे दिसू लागले. मराठी तेव्हाही दिसत नाही.)

८ जून, गुरुवार

दुपारी फोन. लाईट गेली, सर्व्हरला यूपीएस आहे, काउंटर १, २, ३ आणि ५ लाही आहे, ४ ला नाही. ४ बंद पडला, पाच मिनिटांनी चालू झाला, आणि त्याचंच बिल त्याला उघडेना. लॉक जुन्या नंबराच्या नावावर, आणि जुना नंबर अजून जिवंत! यादीत 'सी४-मेन' दोनदा. एक नवा, एक भूत.

मशिनची वीजच गेली तर सर्व्हरला 'जातो' म्हणून सांगणारं कुणी उरत नाही. तो वाट बघत बसतो. लिनक्समध्ये मुळात ठरलेला हिशोब असा: ७२०० सेकंद काही हालचाल नसेल तर पहिली चौकशी, मग ७५ सेकंदांच्या अंतरानं नऊ वेळा. म्हणजे समोर कुणीच नसेल तर दोन तास ११ मिनिटं. आमचं मशिन पाच मिनिटांत परत आलं होतं खरं, ते पहिल्याच चौकशीला 'असलं कनेक्शन माझ्याकडे नाही' असं सांगून मोकळं झालं असतं. पण पहिली चौकशीच दोन तासांनी. तोवर शेतकरी काउंटरसमोर उभा.

रात्री तीन सेटिंगा बदलल्या: 'टीसीपी_कीपअलाइव्हज_आयडल' ६०, 'इंटरव्हल' १०, 'काउंट' ६. दोन मिनिटांत भूत उतरतं. सर्व्हर बंद-चालू करावा लागत नाही, 'पीजी_रीलोड_कॉन्फ()' पुरतं.

चाचणीतली चूक सांगतो, कारण ती करून मी एक रात्र खूश होतो. टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारला आणि म्हटलं, वा, सेशन लगेच गेलं. ते जाणारच. प्रोग्राम मेला तरी विंडोज जिवंत असतं, ते सर्व्हरला कळवून टाकतं. खरी चाचणी म्हणजे चालू काउंटरची लॅनची केबल उपटणं. ती शनिवारी केली, घड्याळ लावून.

१२ जून, सोमवार

सगळ्यात महागडा दिवस.

सकाळी साडेनऊला मामांचा फोन. काउंटर २ वर ताईंनी नवीन बिल म्हणून जे उघडलं त्यात आधीच सहा पोती डीएपी. त्यांना वाटलं कुणीतरी तयारी करून ठेवलीय, त्यांनी त्यातच आपल्या गिऱ्हाइकाचं बियाणं टाकून जतन केलं. एका शेतकऱ्याच्या खात्यावर दुसऱ्याचं ८,१०० रुपयांचं खत. ते अर्धवट बिल काउंटर ५ चं होतं, आदल्या संध्याकाळचं. काउंटर ५ च्या लॉकची ओळ टेबलात जशीच्या तशी होती. मग काउंटर २ ला ते उघडलं कसं?

'बिल_लॉक'मध्ये पीआयडी ११८७. काउंटर २ चा आजचा पीआयडी: ११८७.

मामा रोज रात्री सर्व्हर बंद करतात. "रात्रभर कशाला वीज जाळायची?" सकाळी मशिन चालू झालं की लिनक्स प्रोसेसचे नंबर पुन्हा खालून वाटायला लागतं. रोज त्याच सेवा त्याच क्रमानं उठतात, मग पाच काउंटर जोडले जातात, आणि तेही रोज त्याच घोळक्यातले नंबर घेतात. रविवारी सकाळी ११८७ काउंटर ५ ला मिळाला होता, सोमवारी काउंटर २ ला. प्रोग्रामनं ओळ बघितली, नंबर आपलाच आहे म्हणाला, आणि दार उघडलं. वर मी ४ तारखेला अशी सोय करून ठेवली होती की 'स्वतःचंच अर्धवट बिल' असेल तर नवीन बिलाच्या बटणावर तेच समोर यावं. हुशारी नडली.

सर्व्हर बंद केला नसता तरी हे कधी ना कधी घडलंच असतं, नंबर फिरून येतातच. मामांच्या सवयीमुळे ते आठवड्याभरात दिसलं. पैसे बुडाले नाहीत. मामांच्या वहीत शिसपेन्सिलीनं सगळं लिहिलेलं असतं, दोन्ही शेतकरी ओळखीचे. पण ती वही मला ज्या पद्धतीनं दाखवली गेली ते आठवतंय.

रात्रीची दुरुस्ती: ओळख म्हणजे पीआयडी आणि सेशन सुरू झाल्याची वेळ, दोन्ही मिळून. 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'मध्ये 'बॅकएंड_स्टार्ट' रकाना आहे. पोस्टग्रेसच्या लॉगमध्येही सेशनची ओळख याच जोडीची असते: लॉगच्या प्रीफिक्समध्ये 'टक्के सी' घातलं की सुरुवातीची वेळ सेकंदांत आणि पीआयडी, दोन्ही सोळांकीत, मध्ये टिंब. मीही तसंच केलं, म्हणजे लॉगशी ताडून बघता येतं. ताईंचं त्या सकाळचं सेशन, ९ वाजून ५ मिनिटांनी सुरू झालेलं: ६४८६९२६४.४ए३. टिंबानंतरचा भाग म्हणजे ११८७. टिंबाआधीचा परत येणार नाही.

१४ ते १७ जून

नवी ओळख टेबलात टाकून दोन रात्री काम केलं आणि मग सगळं टेबलच काढून टाकलं. मेलेल्या सेशनच्या ओळी पुसायला एक साफसफाईची क्वेरी लागत होती, ती कधी चालवायची यावर आणखी नियम, आणि तो 'आत_आहे' रकानाच नव्या कपड्यात परत आला असं वाटायला लागलं. लॉक सेशनच्याच अंगावर हवं. सेशन गेलं की लॉक गेलं.

त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये ॲडव्हायझरी लॉक आहेत. दोन आकडे द्यायचे. मी पहिला आकडा प्रकार ठेवला (१ म्हणजे बिल, २ म्हणजे बियाण्याचा लॉट) आणि दुसरा त्याचा नंबर. सर्व्हरला त्या आकड्यांचा अर्थ माहीत नसतो, तो फक्त तेच आकडे दुसऱ्या सेशनला देत नाही.

पहिल्यांदा 'पीजी_ॲडव्हायझरी_लॉक' वापरलं. ते लॉक मिळेपर्यंत थांबून राहतं. काउंटर ३ ची खिडकी पांढरी पडली, 'नॉट रिस्पॉन्डिंग'. पोरानं मशिन बंद केलं. मग 'पीजी_ट्राय_ॲडव्हायझरी_लॉक' घेतलं, जे लगेच हो किंवा नाही सांगतं. पहिल्यापासून हेच हवं होतं.

दुसरं लचांड सापडायला शुक्रवारची पूर्ण रात्र गेली. बिल बंद केलं तरी लॉक सुटत नव्हतं, पण नेहमी नाही. कधीतरी. शेवटी काउंटरच्या एका पोराला रिमोटवरून काम करताना बघत बसलो. तो यादीतल्या बिलावर डबल-क्लिक करतो आणि खिडकी यायला क्षणभर उशीर झाला की परत डबल-क्लिक. तेच सेशन तेच लॉक पुन्हा मागतं, सर्व्हर पुन्हा 'हो' म्हणतो आणि मोजणी दोन करतो. दोनदा घेतलेलं दोनदा सोडावं लागतं. माझा प्रोग्राम एकदा सोडत होता. आता प्रोग्राम आपल्याकडे उघड्या बिलांची यादी ठेवतो आणि तिथे असेल तर सर्व्हरकडे जातच नाही.

लॉक कुणाकडे आहे ते 'पीजी_लॉक्स'मध्ये दिसतं: 'लॉकटाइप' बरोबर 'ॲडव्हायझरी', 'क्लासआयडी'त पहिला आकडा, 'ओबीजेआयडी'त दुसरा, आणि शेजारी पीआयडी. तो 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'ला जोडला की थेट वाक्य तयार करता येतं: 'हे बिल काउंटर ५ वर उघडं आहे, १०:४२ पासून जोडलेला'. दोन्ही बाजू आत्ता जिवंत असलेल्या सेशनांच्याच असल्यामुळे इथे कालचा ११८७ येण्याचा प्रश्न नाही.

१८ जून, रविवार

एका मित्राच्या सांगण्यावरून मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं सगळ्यांत वाटून देणारा प्रोग्राम) घालून बघितलं, ट्रान्झॅक्शन पद्धतीनं, ११ कनेक्शनांची ५ होतील म्हणून. प्रत्येक व्यवहारानंतर (ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसमधलं एकदम पक्कं होणारं काम) कनेक्शन दुसऱ्याला दिलं जातं, त्यामुळे शीर्षकपट्टीतला नंबर मध्येच बदलायला लागला आणि लॉक भलत्याच्याच हातात. संध्याकाळी काढून टाकलं. पोस्टग्रेसची मूळ मर्यादाच १०० कनेक्शनांची आहे, मला ११ ची चिंता करायचं कारण काय होतं कोण जाणे.

२१ जून, बुधवार

मामांच्या केबिनमधला पडदा, म्हणजे कोणता काउंटर काय करतोय ते दाखवणारा स्क्रीन. एक वेगळा वापरकर्ता केला, 'बघ्या', त्याला फक्त वाचायचा हक्क. पडदा लावला तर पीआयडी आणि नावं दिसतात, बाकी सुरुवातीची वेळ, पत्ता, अवस्था सगळे रकाने रिकामे आणि क्वेरीच्या जागी 'इनसफिशंट प्रिव्हिलेज'. दुसऱ्या वापरकर्त्याच्या सेशनचा तपशील असा सहज दिसत नाही. 'पीजी_रीड_ऑल_स्टॅट्स' ही भूमिका 'बघ्या'ला दिल्यावर भरले.

मग यादीत अनोळखी मंडळी, पोस्टग्रेसच्या स्वतःच्याच प्रोसेस. मामा: "हा ऑटोव्हॅक्यूम लाँचर कोण? सकाळपासून बसलाय, एक बिल केलं नाही." 'बॅकएंड_टाइप' रकान्यावर 'क्लायंट बॅकएंड' अशी चाळणी लावली.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पडद्यावर सगळ्या काउंटरांची अवस्था दिवसभर 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' दिसत होती. म्हणजे व्यवहार उघडा ठेवून नुसतं बसलेले. मला वाटलं पोरं बिलं अर्धवट सोडतात. 'आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट' दोन मिनिटं लावला, आणि दहा मिनिटांत पाचही काउंटर तुटले. सायकॉपजी२ पहिल्या क्वेरीलाच स्वतःहून व्यवहार उघडतं, मग ती साधी सिलेक्ट का असेना, आणि कमिट (म्हणजे व्यवहार पक्का) करेपर्यंत उघडा ठेवतं. दर वाचनानंतर कमिट मी २०१९ पासून केलेलंच नाही. चार वर्षं हे असंच चाललं होतं.

टाइमआउट काढला. दुसऱ्या रात्री कनेक्शनवर 'ऑटोकमिट' चालू केलं आणि बिल जतन करण्यापुरताच व्यवहार हातानं उघडला. पडद्यावर सगळे नुसते 'आयडल' दिसू लागले. ॲडव्हायझरी लॉक सेशनचं असल्यामुळे त्याला याचा काही फरक पडला नाही.

२६ जून, सोमवार

पाऊस आला. यंदा ११ ला तळकोकणात येऊन अडकला होता, काल एकाच दिवशी मुंबई आणि दिल्ली दोन्हीकडे पोहोचला. इतके दिवस दुकानात शुकशुकाट होता म्हणून मला हे खेळ करता आले. आज पायरीपर्यंत रांग. सोयाबीन, युरिया, सोयाबीन, युरिया. मी रजा टाकून दुकानातच होतो.

साडेअकराला चार काउंटर गोठले. पडद्यावर 'पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज' चा रकाना मी नुकताच लावला होता, म्हणजे कुणाला कोण अडवतंय ते. काउंटर ४ ला अडवणारा: काउंटर १. मामांनी तिथूनच काउंटर १ च्या पोराला हाक मारली आणि मी घाईत पडद्यावरचं 'तोडा' बटण दाबलं. ते 'पीजी_टर्मिनेट_बॅकएंड' चालवतं. काउंटर १ तुटला. गोठलेलं सुटलं नाही.

काउंटर १ स्वतःच अडकलेला होता. युरियाच्या साठ्याची ओळ धरून बसला होता काउंटर ३. त्याच्यासाठी पहिला थांबला तो १, आणि बाकीचे १ च्या मागे रांगेत. फंक्शन आपल्या लगेच पुढचा माणूस सांगतं, खिडकीपाशी उभा असलेला नाही. साखळीच्या टोकापर्यंत आपण जायचं असतं. आणि काउंटर ३ काय करत होता? एक म्हातारेबुवा पॉस मशिनवर अंगठा लावत होते. अनुदानाचं खत या मशिनवर ओळख पटल्याशिवाय देता येत नाही. मातीत राबलेला अंगठा, रेषा पुसट, मशिन घेईना. पुसला, पाणी लावलं, दुसरं बोट, तिसरं बोट. सात मिनिटं. माझा प्रोग्राम जतनचं बटण दाबल्यावर आधी साठा वजा करायचा, मग 'पॉसच्या पावतीचा नंबर टाका' म्हणून थांबायचा, आणि तो टाकल्यावर कमिट; तोवर साठ्याची ती ओळ दुसऱ्या कुणाला बदलता येत नाही. ही सात मिनिटं दोन पोती युरियासाठी, २६६ रुपये ५० पैसे पोतं, सगळं दुकान थांबलेलं.

आजोबांना कुणी काही बोललं नाही. मी मात्र ऐकून घेतलं.

दुपारी जेवायच्या सुट्टीत क्रम उलटा केला: आधी पावतीचा नंबर, मग व्यवहार उघडा, साठा वजा करा, बिल लिहा, कमिट. आता व्यवहार सेकंदभरही उघडा राहत नाही. मग २१ तारखेचा टाइमआउट परत लावला, ६० सेकंद. त्या दिवशी तो तसाच ठेवला असता तर आजोबांचा अंगठा लागून पॉसवर विक्री झाली असती आणि आमचं बिल मात्र तुटलं असतं.

'तोडा' बटणही बदललं. पडदा दर ३० सेकंदांनी ताजा होतो, तेवढ्यात काउंटर सोडून परत जोडला गेला असेल तर त्या नंबरावर कोण असेल सांगता येत नाही. आता नुसता पीआयडी पाठवत नाही. 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'त तो पीआयडी आणि तीच 'बॅकएंड_स्टार्ट' असलेली ओळ सापडली तरच टर्मिनेट. शिवाय बटण फक्त साखळीच्या टोकाशी असलेल्या सेशनपुढेच दिसतं.

२९ जून, गुरुवार

आषाढी. दुकान अर्धा दिवस. गर्दीच्या तीन दिवसांचे लॉग वाचले. एकाच बिलावर दोघं: एकदाही नाही. 'हे बिल काउंटर अमुकवर उघडं आहे' हा निरोप मात्र ४१ वेळा दिसला, त्यातले २३ वेळा काउंटर २ चं नाव. ताई बिल उघडून गोडाऊनमध्ये माल बघायला जातात. तिथे सॉफ्टवेअरनं काही करायचं नाही असं मी ठरवलं.

छपाईचं कनेक्शन अजून वेगळंच आहे. पडद्यावर एका काउंटरच्या दोन ओळी येतात त्या नावावरून एकत्र करून दाखवतो, ही मलमपट्टी आहे. खरं काम दिवाळीनंतर.

५ जुलै, बुधवार

हिशोब मांडला. चार शनिवार-रविवार, अकरा रात्री, एक रजा, पुण्याहून पाच खेपांचं पेट्रोल. पैशांत म्हणाल तर खर्च एकच, काउंटर ४ ला यूपीएस, २,९०० रुपये, तो मामांनी दिला. सर्व्हर रात्री बंदच होतो.

यूपीएस लावल्यावर म्हटलं एकदा केबल उपटून दोन मिनिटांची चाचणी परत घेऊ. मामा खुर्चीतून उठले आणि केबलपाशी जाऊन उभे राहिले.